दिवसाआड एक बांगडी

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला बैठक असायची आणि दर बैठकीत मला बोलणी बसायची. नव्वदच्या दशकात मी नर्स म्हणून नोकरीला लागले, तेव्हा ही बोलणी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांवरून बसत. पुढं ते मागं पडलं, हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, कागदांवरचे शिक्के बदलले आणि टीबीचा नंबर लागला. इतके रोगी शोधायचेच आणि शोधलेले बरे करायचेच, असं दिल्लीत ठरलं होतं. ते ठरलेलं दिल्लीहून मुंबई, मुंबईहून हिंगोली, हिंगोलीहून कळमनुरी असं उतरत उतरत माझ्या उपकेंद्रापर्यंत आलं. माझ्या खाली कोणी नव्हतंच, म्हणून ते माझ्याच टाळक्यावर बसलं.

"सिस्टर, तुमच्या चार गावांत टीबीचा एकही पेशंट नाही?" डॉक्टर म्हणायचे. "मग तुमच्याकडची हवा बाटल्यांत भरून पाठवा, सगळ्या देशाला पुरवू."

बाकीच्या नर्सा हसायच्या. मीही दात काढायची आणि बाहेर आल्यावर सायकलीवर राग काढायची.

खोकणारी माणसं गावात नव्हती असं कुठं होतं? मी दारात उभी राहून विचारायची, "दोन-तीन आठवडे खोकला जात नाही, असं घरात कोणी आहे का?" आतून खोकल्याची उबळ ऐकू येत असायची आणि दारातली बाई म्हणायची, "न्हाई बा. त्यो बिडीचा हाय." बिडीचा नसला तर चुलीच्या धुराचा. धुराचा नसला तर हळदीच्या भुकटीचा. हळद आमच्या भागात चिक्कार, त्यामुळे हे कारण बाराही महिने चालायचं. आग्रह करून थुंकीची डबी दिलीच, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात नुसती लाळ मिळायची.

लोक घाबरायचे, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला आज म्हणवत नाही. घरात टीबी आहे असं कळलं की ठरलेली सोयरीक मोडायची. आणि सुनेला झाला, तर तिची रवानगी माहेरी. धडधाकट असताना सून सासरची आणि आजारी पडली की माहेरची, हा आमच्याकडचा रिवाज. "बरी करून धाडा," असा निरोप सोबत जायचा. आम्ही औषधाचं खोकं एका गावात उघडायचं आणि बाई दुसऱ्या गावाला निघून जायची. आधीच्या उपकेंद्रात अशी एकजण माझ्या हातून गेली होती. माहेरी भावजयीनं तिला गोठ्यात निजवलं, गोळ्या सुटल्या, इकडं नवऱ्यानं दुसरी केली. तिच्या कार्डावर मी 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि ते बंद केलं. पुढं ती वारली, हे मला बाजारात कळलं.

माझ्या उपकेंद्राच्या गावात मनियारांची दोन घरं होती. त्यातल्या एका घरची चाची बांगड्या विकायची. कळमनुरीच्या आठवडी बाजाराला ती तिथं बसायची, बाकीचे दिवस टोपलं घेऊन खेडी फिरायची. वय साठीच्या आसपास, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथं दोरी. काच लागून तिची बोटं नेहमी चिरलेली असायची आणि पट्टी बांधायला ती माझ्याकडे यायची. एका दुपारी पट्टी बांधून झाली तरी ती उठेना.

"सिस्टर, एक बात बोलू? गुस्सा नका होऊ."

"बोला की."

"वरल्या गल्लीतली धाकटी सून. काळीपिवळी चालवतो ना, त्या पोराची बायको. तिला जरा बघा. लग्नात दोन-सहाचा हात होता तिचा, मीच चुडा भरला. संक्रांतीला दोन-चारची बसली. आता दोन-दोनची घातली, तं ती बी कोपरापावतर जाऊन राहिली. आन् हात दाबला की खोकते."

बांगड्यांची ही मापं मलाही ठाऊक होती. मागचा आकडा उतरला की हात बारीक झाला. म्हणजे वर्ष-दीड वर्षात त्या पोरीचा हात दोन मापं उतरला होता. पण त्याच आठवड्यात बैठकीत माझी पूजा झाली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"चाची," मी म्हणाले, "तुम्ही बांगड्या भरा. रोग बघायला सरकारनं मला ठेवलंय."

"बराबर हाय," ती म्हणाली, टोपलं उचललं आणि गेली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण उठताबसता म्हणतो. इथं तर खरोखरच कांकणंच बोलत होती आणि मी आरसा शोधत बसले होते. तीन आठवडे मी त्या घराकडे फिरकले नाही. त्या तीन आठवड्यांची मला आजही लाज वाटते.

शेवटी पुढच्या बैठकीतली बोलणी खाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वरल्या गल्लीत गेले. ओसरीवर सासू तूर निवडत बसलेली. गावात तिचा दरारा असा, की सरपंचही तिच्या दारावरून मान खाली घालून जायचा. "माझ्या घरी कोणी खोकत न्हाई," ती मी विचारायच्या आधीच म्हणाली. सून पाणी घेऊन आली. तांब्या पुढं करताना तिच्या बांगड्या खळकन मनगटावर आल्या आणि हात वर नेताच कोपरापर्यंत घसरल्या. गालाची हाडं वर आलेली, डोळे तापाचे. रक्तवाढीच्या गोळ्या न्यायच्या निमित्तानं मी तिला उपकेंद्रात बोलावलं, थुंकीचे नमुने घेतले आणि पिशवीत घालून स्वतः कळमनुरीच्या दवाखान्यात पोचवले. नमुन्यांत जंतू निघाले.

ते सांगितल्यावर पोरगी रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"सिस्टर, घरी सांगू नका. मला माय न्हाई. भाऊ हाय, पर त्याच्या घरात त्याचंच चालत न्हाई. मला एकदा धाडलं ना, की परत न्यायला कोणी येणार न्हाई. गोळ्या मी खाते, म्हनाल तशा खाते. फकस्त इथं राहू द्या."

वीस-एकवीस वर्षांची असेल. मला माझ्या आधीच्या उपकेंद्रातलं ते बंद केलेलं कार्ड दिसायला लागलं.

नियम असा, की घरातल्या सगळ्यांना तपासायचं. दुसरा नियम असा, की दिवसाआड सात गोळ्या कोणाच्यातरी समोर गिळायच्या, घरी नेऊन नाही. पहिला नियम पाळला तर पोरगी माहेरी जाणार आणि दुसरा नियम मोडणार. घरात जावेची दीड वर्षाची लेक होती, तिची काळजी मला खात होती. तरी मी पहिला नियम थोड्या दिवसांसाठी गुंडाळून ठेवला. चूक होती, तेव्हाही ठाऊक होतं. राहिला दुसरा. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती उपकेंद्रात यायला लागली तर चौथ्या दिवशी अख्ख्या गावाला कळलं असतं. सुनेला सासूच्या डोळ्यांदेखत, कोणालाही काही न वाटता जाता येईल असं गावात एकच घर होतं.

संध्याकाळी मी चाचीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"रोग बघायला सरकारनं मला ठेवलं न्हाई ना?" चाची म्हणाली, पण हसत होती. माझं सगळं ऐकून व्हायच्या आधीच तिनं कपाटातला एक कप्पा रिकामा केला. "हिच्या आधी तीन हात असे बारीक होताना मी बघितले, सिस्टर. बोलले न्हाई. आपलं काम न्हाई म्हनलं. तिघी बी गेल्या."

दुसऱ्या दिवशी पोरीच्या नावाचं औषधाचं खोकं चाचीच्या कपाटात बांगड्यांच्या डब्यांशेजारी जाऊन बसलं.

आता प्रश्न उरला निमित्ताचा. आठवड्यातून तीनदा बांगड्या भरायला कोण जातं? इथं माझी अक्कल धावली. मी म्हणाले, जायच्या दिवशी पोरीनं घरात एक बांगडी फोडायची. भांडी घासताना, पाणी शेंदताना, कशावरही आपटून. मग "चाचीकडून घालून येते" म्हणायचं आणि निघायचं. चाचीलाही ते पटलं. आम्ही दोघी स्वतःवर बेहद्द खूश झालो. पोरगी मात्र गप्प होती. ती लाजतेय असं मला वाटलं.

महिनाभर सगळं कसं घड्याळासारखं चाललं. दिवसाआड एक बांगडी फुटायची. चाची तिला आत बसवून आधी अर्धी भाकर खाऊ घालायची, मग एकेक करून सात गोळ्या, मग "तोंड खोल, जबान वर कर," अशी तपासणी. तेवढ्यात जुन्या साठ्यातली एक बांगडी हातावर चढवायची. मी आठवड्याला जाऊन कार्ड भरायची. तिसऱ्या आठवड्यात ताप गेला. पोरगी स्वतःहून दुसरी भाकर मागायला लागली, तेव्हा चाचीनं मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं.

आणि एका सकाळी चाची चष्मा हातात घेऊन धावत उपकेंद्रात आली.

"सिस्टर, चला! तिच्या सासूनं भावाला बोलावलं. पोरीला न्यायला आला त्यो. पेटी बांधून राहिले!"

"टीबीचं कळलं?"

"न्हाई हो! बांगड्यांचं!"

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटणं म्हणजे नवऱ्यावर संकट. फुटली हा शब्दसुद्धा बाया उच्चारत नाहीत, वाढली म्हणतात. हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी शकुन-अपशकुन उंबऱ्याबाहेर हाकललेले, माझ्या घरात बांगडी फुटली की केरसुणी शोधायची एवढंच. आणि चाचीनं उभ्या जन्मात इतकी काच फुटताना बघितली होती, की तिला त्यात गिऱ्हाइकाशिवाय काही दिसत नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्या माहेरच्या वाटेपासून तिला वाचवायला निघालो, त्याच वाटेला आम्ही शहाण्यांनी तिला लावलं होतं.

ओसरीवर पेटी बांधून ठेवलेली. भाऊ खाली मान घालून उभा. पोरगी खांबाला टेकून बसलेली. सासू उभी होती आणि तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

"एका महिन्यात बारा येळा! बारा! माझं लेकरू रोज रस्त्यावर गाडी घेऊन जातंय. बाळापूरपाशी चालत्या गाडीचं टायर फुटलं, वाचला म्हनून वाचला. औंढ्याला जाऊन नागनाथाच्या पायावर डोकं ठिवून आले. दुसऱ्या दिवशी पुन्यांदा बांगडी! आता मला न्हाई धीर. न्या हिला."

मी काही बोलायच्या आत चाची पुढं झाली.

"बांगड्या मी फोडायला लावल्या," ती म्हणाली. "काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पोरीचा कसूर न्हाई."

"काहून?" सासू तिच्यावर ओरडली. "माझ्या घरानं तुझं काय वाईट केलं?"

मग मी सांगितलं. पोरीकडे बघायचा मला धीर झाला नाही. टीबी आहे, सहा महिने औषध आहे, एक महिना झालाय, ताप उतरलाय, तुम्ही माहेरी धाडाल म्हणून आम्ही लपवलं, बांगड्यांची अक्कल माझी. सगळं एका दमात बोलून टाकलं आणि आता शिव्या येणार म्हणून उभी राहिले.

सासू मटकन खाली बसली.

"म्हंजे," ती म्हणाली, "माझ्या लेकावर काही न्हाई?"

"काही नाही. टायर जुनं होतं."

"अवो, मंग रोग हाय म्हना ना!" तिनं पदरानं तोंड पुसलं. "रोगाला दवाखाना हाय. अपशकुनाला काय हाय? महिना झाला मला भाकर गोड लागत न्हाई." मग भावाकडे वळून म्हणाली, "तुमी च्या घ्या आन् जावा. तिच्या गोळ्या इथं हायेत."

तिथंच मला रडू फुटलं. पेशंटसमोर रडू नये असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, पण त्या दिवशी शिकवलेलं काहीच कामाला येत नव्हतं. ज्या बाईला मी महिनाभर राक्षसीण ठरवलं होतं, तिला कोणी एकदा सरळ सांगूनच बघितलं नव्हतं. पोरीला नंतर विचारलं, "अगं, बांगडीचं तुला तरी माहीत होतं ना, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला ठाव असंल म्हनलं."

सासू एका दिवसात देवी झाली असं मात्र समजू नका. तिनं सुनेचं ताट-तांब्या वेगळा केला. मी नको म्हटलं तरी केलाच. लेकाला ओसरीवर झोपायला लावलं. चाचीशी पंधरा दिवस बोलली नाही, कारण बांगड्यांवरून तिच्या जिवाला जो घोर लागला होता तो काही खोटा नव्हता. पण सोमवार, बुधवार, शुक्रवारी सुनेला चाचीच्या दारापर्यंत तीच घेऊन जायची आणि गोळ्या होईपर्यंत बाहेरच्या दगडावर बसायची. जावेच्या लेकीला मी तपासून घेतलं. ती ठणठणीत होती, तरी तिला प्रतिबंधाचं औषध सुरू केलं. आणि घरात आणखी कोणी खोकतं का, हे सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं. कोणी नाही, असं सासूनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं.

माझ्या नोंदवहीत 'रुग्ण कोणी पाठवला' असा एक रकाना होता. त्यात डॉक्टर, नर्स, अंगणवाडी ताई असे पर्याय होते. मनियारीण त्यात बसत नव्हती. मी नर्स या शब्दावर खूण केली. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, मी ते ऐकून घेतलं, आणि चाचीचं नाव सांगावं हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही. आता चाची नाही. पुढच्या काही वर्षांत तिनं मला आणखी किती हात दाखवले, ते मी मोजले नाहीत. एवढं कळतं, की देशानं जे ठरवलं होतं त्यातलं माझ्या वाट्याचं काम तिच्या बोटांनी केलं. तिचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी मान्य करते, उशिरा का होईना.

दोन महिने पुरे झाल्यावर सुनेची थुंकी पुन्हा तपासली. जंतू दिसेनासे झाले होते. मी तो कागद ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवला आणि बजावलं की अजून चार महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. सासूनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्राचं कुलूप काढत होते, तर ती पायरीवर बसलेली. एकटीच होती. आत आली आणि दार लोटून घेतलं.

"सिस्टर, ती थुंकायची डबी मला बी द्या."

"कोणासाठी?"

"मलाच. दोन वरसं झाली. पदरात खोकते म्हनून कोणाला कळत न्हाई."

सुनेला रोग कुठून आला असेल, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझा पारा चढला. "दोन वर्षं? मी तुमच्या दारात येऊन विचारलं होतं ना? घरात सगळ्यांना बसवून विचारलं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तो गावाला धाक घालणारा आवाज कुठंच नव्हता.

"सुनेला धाडायला माहेर तरी असतंय, सिस्टर. मला कुठं धाडलं असतं?"

मी डबी काढली, झाकणावर तिचं नाव लिहिलं आणि सकाळी उठल्या उठल्या छातीतून खोकून बेडका कसा काढायचा ते सांगितलं. तिच्याही थुंकीत जंतू निघाले. गोळ्या कोणासमोर घ्यायच्या, हे मी त्यांच्या ओसरीवर जाऊन विचारलं तेव्हा चाचीचं नाव येईल असं मला वाटलं होतं. पण मागं उभी असलेली सूनच म्हणाली, "मी देते की. मला सगळं पाठ हाय." घरच्या माणसानं गोळ्या द्यायच्या नाहीत असा नियम होता. मी तोही मोडला.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिथं थांबले. सुनेनं आधी अर्धी भाकर खाऊ घातली, मग एकेक करून सात गोळ्या तळहातावर ठेवल्या. सासूनं त्या पाण्याबरोबर गिळल्या आणि पदरानं ओठ पुसले.

"आत्या, तोंड उघडा," सून म्हणाली, "जीभ वर करा." आणि सासूनं तोंड उघडून दाखवलं.